धूळ नसलेला शुक्रवार

कुवेतमधल्या फरवानिया भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तुळशीदासला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला ‘सरकार’ म्हणत, आणि त्यात मानाचा लवलेश नव्हता. “काय सरकार, आज खिडकी किती वाजता उघडणार?” असं सलीलने विचारलं की बाकीचे हसत, आणि तुळशीदास आपला टॉवेल झटकून घडी घालू लागे. कडेला कड जुळली नाही तर घडी मोडून पुन्हा घाली. तो रागावला हे ओळखायची खूण तेवढीच.

खोलीत चार खाटा होत्या. दाराशी सलीलची. हा नाशिकचा, एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर, चौघांत जास्त शिकलेला आणि ते कुणाला विसरू न देणारा. खिडकीशी नौमानची. हा रत्नागिरीकडचा, एका किराणा शेठची गाडी चालवायचा, पाच वेळा नमाज पढायचा आणि खोलीतल्या भानगडींकडे पाठ करून झोपायचा. मधली खाट रामभाऊंची. रामभाऊ परभणीचे वेल्डर, वय अठ्ठावन्न, कुवेतमध्ये बावीस वर्षं. जन्मभर ठिणग्यांसमोर उभं राहून त्यांनी डोळे मात्र राजाच्या खजिन्यासारखे सांभाळले होते. रोज संध्याकाळी थंड दुधात भिजवलेले कापसाचे बोळे डोळ्यांवर ठेवून ते अर्धा तास उताणे पडत. कामावर एखाद्याने काच न लावता टाका मारला तर त्याच्या आईबापाचा उद्धार करत. महिनाभराने ते कायमचे परत जाणार होते. जिंतूरला रस्त्यालगत वेल्डिंगचं दुकान टाकायचं ठरलं होतं, पाटीचा रंगसुद्धा ठरला होता.

चौथी खाट, न्हाणीघराच्या दाराजवळची, तुळशीदासची.

त्याचं ‘सरकार’ हे नाव एका जुन्या ओळखपत्रावरून पडलं. तो गोंदिया जिल्ह्यातला, आमगावकडचा. तिथून पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो आणि छत्तीसगड लागतं. तिकडे दारूची दुकानं सरकारच चालवतं. हद्दीपलीकडच्या एका गावातल्या अशाच दुकानात तुळशीदासने सहा वर्षं सेल्समन म्हणून काढली होती. नोकरी एजन्सीमार्फत लागलेली, पण गळ्यातल्या कार्डावर शिक्का सरकारचा. ते कार्ड त्याने इतकी वर्षं का जपलं, कोण जाणे. एकदा तो बताका, म्हणजे कुवेतचं ओळखपत्र, शोधत असताना पाकिटातून ते खाली पडलं, आणि नेमकं सलीलने उचललं.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. समोर लोखंडी जाळी, आणि जाळीला दोन हात मावतील एवढं भोक. सहा वर्षांत तुळशीदासला गिऱ्हाइकांचे चेहरे फारसे दिसले नाहीत, हात दिसले. सिमेंटने तडकलेले, हळद लागलेले, सकाळी नऊ वाजताच थरथरणारे. आणि ऐकू आल्या त्या शिव्या. आसपास दुसरं दुकान नव्हतं, म्हणून गिऱ्हाईक रुसून जाऊ शकत नसे. ते जाणार नाही हे माहीत असल्यामुळे दुकानाला गोड बोलायची गरज पडत नसे. हवा तो माल आला नाही, भाव वाढला, रांग हलत नाही, सगळ्याचा संताप त्या भोकातून आत येई. सरकार कुणाला दिसत नव्हतं. तुळशीदास दिसत होता.

एकदा भोकातून बांगड्या घातलेला हात आला, पैसे न घेता. “माझ्या माणसाला देऊ नको दादा,” बाहेरून बाई म्हणाली.

“माझ्या हाती नाही बाई. दुकान सरकारी आहे.”

बाई जाळीवर थुंकली आणि गेली. तुळशीदासने फडक्याने जाळी पुसली, तोवर पुढचा हात आत आला होता.

त्याने स्वतः कधी थेंब चाखला नाही. बाटल्या मात्र तो देवासारख्या मांडायचा, प्रत्येकीचं लेबल समोर. त्याचा जोडीदार वेगळ्या हाताचा होता. झाकणाखालची कडी गरम सुईने अलगद सोडवायची, थोडी दारू काढून घ्यायची, तेवढं पाणी घालायचं आणि डिंक लावून कडी परत बसवायची. पिणाऱ्याला त्यातून राग येई, बाकी काही होत नसे. लबाडी म्हणजे पाणी, हे तुळशीदासचं शिक्षण त्या जोडीदाराच्या शेजारी उभं राहून झालेलं. पुढे जोडीदार पकडला गेला आणि त्याच्याबरोबर खिडकीवरचे सगळेच घरी बसले. गावात तुळशीदासच्या मुलीला दोन स्थळं सांगून आली आणि ‘दारूवाल्याची पोरगी’ म्हणून परत गेली. त्यानंतर त्याने कुवेतचा व्हिसा केला.

इथे त्याला बरं वाटलं होतं. इथे दारूवरच बंदी होती, दुकान नव्हतंच, सरकारी नाही आणि खाजगीही नाही. तो जमियात, म्हणजे सहकारी भांडारात, शेल्फ भरायचा. शीतपेटीत माल्टच्या, शून्य टक्के दारूवाल्या बाटल्या लावायचा, लेबल समोर. गिऱ्हाईक स्वतः हाताने उचलून न्यायचं आणि त्याच्याकडे बघायचंही नाही. असं न बघणं त्याला फार सुखाचं वाटे.

त्या गुरुवारी संध्याकाळी सलील कामावरून आला तो पाठीवरची पिशवी पोटाशी धरून. दाराला कडी घालून त्याने एक बाटली काढली आणि रामभाऊंच्या खाटेवर ठेवली. परदेशी लेबल, सोनेरी झाकण.

“रामभाऊ, बावीस वर्षं कोरडी काढलीत. जाताना ओले होऊन जा!”

“अरे, कुठून आणलास बाबा? पकडून देशील म्हाताऱ्याला.” रामभाऊ म्हणाले, पण हात बाटलीकडे गेला होता.

“तुम्हाला काय करायचंय? असली आहे. विमानातून आलेली.” मग सलीलला सुचलं. “थांबा, थांबा. आपल्याकडे सरकारी खातं आहे ना! सरकार, उठा. माल तपासा आणि पास करा.”

नौमानने भिंतीकडे तोंड केलं. “मी इथे नाही,” तो म्हणाला.

तुळशीदास उठला नसता. पण इतक्या वर्षांत त्याच्या कामातलं काही विचारायला त्याला कुणी हाक मारली नव्हती. त्याने बाटली घेतली. उलटी करून बुडबुडे पाहिले, उजेडासमोर धरली, अंगठ्याचं नख झाकणाखालच्या कडीवरून फिरवलं. एका जागी नख अडकलं. तिथे कडी तुटलेली होती आणि डिंकाचा बारीक थर लागत होता. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात सलील म्हणाला,

“काय बघतो बघा कसा! पोरगी बघायला आल्यासारखा. सरकार, तुमच्या पोरीला बघायला येणारे घरूनच ग्लास घेऊन येतात म्हणे?”

रामभाऊ हसले. ते वाईट मनाचे नव्हते. पण हसले, आणि मोठ्याने हसले.

तुळशीदासने बाटली त्यांच्या खाटेवर परत ठेवली. लेबल समोर.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “प्या.”

मग त्याने टॉवेल घेतला आणि घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मनात त्याला गार वाटत होतं. पाणी प्या लेको, तो स्वतःशी म्हणत होता, महागातलं रंगीत पाणी प्या आणि उद्या एकमेकांची तोंडं बघा.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुटीचा. नौमान दुपारच्या नमाजाला गेला होता. सलील सकाळपासून डोकं धरून बसला होता, दोनदा ओकूनही आला होता. रामभाऊ उशिरापर्यंत झोपले. उठले ते खाटेवर बसूनच राहिले.

“बाहेर तुफान सुटलंय का रे?” त्यांनी विचारलं. “खिडकी लावा की. सगळं पांढरं पांढरं दिसायलंय.”

मे महिना होता. या दिवसांत कुवेतवर वाळूचं वादळ येतं तेव्हा समोरची इमारत पिठात बुडवल्यासारखी होते, दुपारी दिवे लावावे लागतात. त्यात नवल नव्हतं. तुळशीदास खिडकी लावायला गेला आणि तसाच उभा राहिला.

बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सदऱ्यांची बटणं मोजता आली असती.

“तुफान नाही,” तो म्हणाला.

“तर मग हे काय दिसायलंय? नाटकं करू नको. धूळ आलीय, नाकात वास येतोय मला.”

सलील हसला. “उतरली नाही अजून म्हाताऱ्याची. सरकार, माल कडक निघाला!”

तुळशीदासला मात्र एकदम एक बंद खोली आठवली. तिकडच्या नोकरीचा पहिला दिवस, वीस-पंचवीस सेल्समन सतरंजीवर, समोर एक जाडा अधिकारी. सरकार दारू का विकतं, हे तो सांगत होता. दुकान नसलं तर माणूस काय पितो ते कुणालाच कळत नाही, असं तो म्हणाला होता. इंधनातलं, कारखान्यातलं स्पिरिट पितो, आणि आधी डोळे जातात. धुकं पडलंय असं वाटतं, मग धुकं जातच नाही. तुळशीदास तेव्हा चहा कधी येतो याची वाट बघत होता.

दुकान असलं की लबाडी पाण्याची. दुकानच नसलं की कशाची, हा विचार त्याला काल शिवलाही नव्हता.

“रामभाऊ, चला. इस्पितळात जायचं आहे.” त्याने त्यांच्या चपला पुढे ठेवल्या. रामभाऊंनी पाय चपलेच्या बाजूला टेकवला. चपला त्यांना दिसल्या नाहीत.

सलील ताडकन उठून दाराला पाठ लावून उभा राहिला. “कुठे निघालात? वास मारतोय त्याच्या तोंडाला. तिथे दारातच पोलीस असतो. तो जाईल, मी जाईन, खोलीतले सगळे जाऊ. लिंबूपाणी द्या, झोपू दे, संध्याकाळपर्यंत उतरेल.”

“संध्याकाळपर्यंत डोळे राहणार नाहीत.”

“तू डॉक्टर कधी झालास रे? देशी दारूच्या खिडकीवर बसणारा कारकुंड्या तू!”

“मले काल दिसलं होतं,” तुळशीदास म्हणाला. बोलताना तो घाईत गावच्या बोलीवर आला. “कडी तुटलेली होती. डिंक लावला होता. मले दिसलं, अन् मी बरोबर आहे म्हटलं.”

रामभाऊंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“काय म्हणालास?”

“पाणी असंल म्हटलं. फजिती होईल तुमची, म्हणून…”

सलीलने त्याच्या कानाखाली वाजवली. मग दुसरी मारायला हात उचलला, आणि तो हात तसाच हवेत राहिला. त्याने तो हात स्वतःच्या डोळ्यांसमोर आणला, बोटं हलवली. “मलापण कडेने पांढरं येतंय,” तो हळूच म्हणाला. “सकाळपासून येतंय.” दारापासून तो आपणच बाजूला झाला.

खाली नौमान गाडी लावत होता. नमाजाहून आलेला, पांढरा शुभ्र, अत्तराचा वास येत असलेला. तुळशीदासने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. नौमानचा चेहरा लाल झाला.

“मी आत्ता नमाज पढून आलोय तुळशीदास. आणि तुम्ही मला यात ओढता?”

“रामभाऊंचे डोळे जातील.”

“जाऊ देत!” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याने मागचं दार उघडलं. “बसवा त्यांना. पण हातातलं ते काय आहे?”

“बाटली. काय प्यायले ते डॉक्टरांना कळायला पाहिजे.”

“ती माझ्या गाडीत येणार नाही. गाडी शेठची आहे, पोरं माझी आहेत. माणसं नेतो. बाटली नाही.”

रामभाऊ आणि सलील मागे बसल्यावर त्याने दार आपटलं आणि गाडी निघून गेली.

इथे दारूची बाटली जवळ बाळगणं म्हणजे काय, हे तुळशीदासला ठाऊक होतं. ती कचऱ्याच्या पेटीत टाकून तो चहा प्यायला गेला असता तर कुणी विचारलं नसतं. तो वर गेला, आपला टॉवेल घेतला, तळाशी चार बोटं उरलेली बाटली त्यात गुंडाळली आणि जमियाच्या पिशवीत ठेवली. मग चालत निघाला. टॅक्सीला हात करायची त्याला भीती वाटली, बसमध्ये चढायची त्याहून. वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता, दुकानं बंद, डोक्यावर मे महिना. सिग्नलपाशी पोलिसांची गाडी उभी होती. तिच्यासमोरून जाताना त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मग वाटलं, हे करायला नको होतं. पण आतला पोलीस फोनमध्ये बघत होता.

इस्पितळात सलीलचं ‘मासे बाधले’ चालू होतं. रामभाऊ खुर्चीत बसून कपाळावरून हात फिरवत होते. समोरची सिस्टर केरळची होती. तिला मासे पटत नव्हते, आणि ती चिडून तेच तेच विचारत होती, काय प्यायले, किती, कधी.

तुळशीदासने टॉवेल सोडला आणि बाटली तिच्या टेबलावर ठेवली. हाताच्या सवयीने लेबल तिच्याकडे वळवलं.

“यह,” तो म्हणाला. “कल शाम सात बजे. ये बुजुर्ग ने आधे से जादा.”

सिस्टरने बाटलीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि आत कुणाला तरी जोरात हाक मारली. रामभाऊंची खुर्ची ढकलत नेताना ती म्हणाली, “हमारे केरल में गवर्मेंट का दुकान है. लोग लाइन में खड़ा होके गाली देता है. देने दो. घर तो आँख लेके जाता है.”

दारावरचा पोलीस तोवर जवळ आला होता.

जबाब घेताना एक हिंदी जाणणारा माणूस मध्ये बसवला. पलीकडच्या खाटेवर सलाइन लावलेल्या सलीलने बोट दाखवलं. “बाटली त्याची आहे. तो दारूचं दुकानच चालवायचा. पाकीट बघा त्याचं.” पाकिटात ते कार्ड होतं. पोलिसाने ते उलटसुलट करून पाहिलं. वरचा शिक्का कुठल्या तरी सरकारचा आहे एवढं त्याला कळलं, आणि त्यामुळे तो आणखीच बुचकळ्यात पडला.

“तू विकतोस?”

“विकत होतो. तिथे सरकारच विकतं.”

“सरकार दारू विकतं?” मधल्या माणसाने भाषांतर केलं तेव्हा पोलिसाला वाटलं आपली थट्टा चालली आहे. त्याने टेबलावर हात आपटला.

“ही मी आणली नाही,” तुळशीदास म्हणाला. “पण मी पाहिली, आणि सोडली.”

मधल्या माणसाने यातलं किती सांगितलं, देव जाणे. कागदावर तुळशीदासच्या नावापुढे बाटली लिहिली गेली.

तीन आठवड्यांनी सलील, रामभाऊ आणि तुळशीदास, तिघांनाही देशाबाहेर काढण्याचा हुकूम झाला. सलीलचे डोळे वाचले. तो बाकीच्या दोघांच्या दोन दिवस आधी निघाला आणि जाताना तुळशीदासच्या पायाशी थुंकला. नौमानने तुळशीदासची बॅग कोठडीपर्यंत आणून दिली, आत टॉवेल बोळा करून कोंबलेला होता. “तुमच्यामुळे शेठने गाडी काढून घेतली,” एवढंच बोलून तो गेला.

रामभाऊंचा डावा डोळा गेला होता. उजव्याने कडेकडेचं थोडं दिसायचं, समोर जे पाहावं ते मात्र पांढरं. डॉक्टर म्हणाले होते की संध्याकाळ झाली असती तर तेवढंही राहिलं नसतं, कदाचित माणूसही राहिला नसता. सिस्टरने हे त्यांना हिंदीत नीट सांगितलं होतं.

विमानतळावर रामभाऊ आणि तुळशीदासला एका बाकावर बसवलं. रामभाऊंनी मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने, शेजारी पाहायचा प्रयत्न केला.

“कोण बसलंय?”

“मी. तुळशीदास.”

रामभाऊंनी मान पुन्हा सरळ केली. हात मांडीवर पालथे ठेवलेले, टाक्यांच्या डागांनी भरलेले.

“त्या दिवशी मी हसलो, म्हणून का रे?”

“हो.”

“हसलो म्हणून डोळे घेतलेस?”

तुळशीदासने खाली पाहिलं. पाणी असेल असं वाटलं होतं, हे त्याला पुन्हा सांगता आलं असतं. “हो,” तो म्हणाला.

“ऊठ इथून. दुसरीकडं बस.”

तो उठला आणि तीन बाक सोडून बसला. थोड्या वेळाने दरवाजा उघडला, शिपायाने दोघांची नावं घेतली आणि समोरच्या काचेच्या खिडकीकडे बोट केलं. रामभाऊ उभे राहिले. बोट कुठे केलंय ते त्यांना दिसलं नव्हतं. ते दोन पावलं चालले ते भिंतीकडे. तुळशीदास धावत गेला आणि त्याने त्यांचा दंड धरला.

रामभाऊंनी दंड झटकून सोडवला.

“हात लावायचं काम नाही,” ते म्हणाले. “पुढं हो.”

तुळशीदास पुढे झाला. मागून चाचपत एक हात आला, आधी त्याच्या पाठीला लागला आणि दचकून मागे गेला. मग खाली येऊन त्याने तुळशीदासच्या शर्टाचं टोक मुठीत पकडलं. पकड वेल्डरची होती, शर्ट गळ्याशी ओढला गेला.

“हळू चाल, भाडखाऊ,” रामभाऊ म्हणाले.

तुळशीदास हळू चालू लागला.